जुन्या व्हिडिओ गेमचा नवा डब्बा घेणं म्हणजे पैसे पाण्यात का?

इतवारीवाला: मित्रानं निन्टेन्डो या जपानी कंपनीचा तो २०१६ चा मिनी डब्बा, म्हणजे तिनं अमेरिकेत विकलेल्या जुन्या गेमच्या डब्ब्याची छोटी नक्कल, बाहेरून मागवला आन कौतुकानं बघायला बोलावलं. आत ३० गेम भरलेले, पण कॅसेटचं झाकण नुसतं दिखाव्याचं, उघडतच नाही, मग कॅसेट काढून धुळीवर फू कुठं करायची राजेहो? आन मुळात ही आठवण आपली हायेच कुठं, आपल्या घरी तर फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानमधल्या १९८३ च्या डब्ब्याची, नक्कल होती, '९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट आन त्यात तेच दहा-पंधरा गेम फिरूनफिरून. अमेरिकेतल्या पोट्ट्यांचं बालपण आपण काहून विकत घ्यायचं?

धरमपेठी: तू काय फू करायला खेळत होता का बे? मे महिन्यात कूलरसमोर बसून शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचायचं आन लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून, विसरला का? या नव्यात आहे तिथंच गेम सेव्ह होतो. माझी पोरगी मला हरवते त्यात. पैसे वसूल.

संत्राबर्फी: सेव्ह होतो म्हणूनच मजा गेली ना भाऊ, लाईट जायची भीतीच नाही तर तळहाताला घाम कशाला येईल.

धरमपेठी: हो का, मग मेन स्विच बंद करत जा दर अर्ध्या तासानं 😂

महालची ताई: जुनं खेळणं म्हणाल तर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या लहान पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. आमच्याकडे बाबांचाच आहे, चाकं दोनदा बदलली, दरवर्षी रंग देतो, आता भाचा ओढतो आणि घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतो. त्याची कोणी 'रेट्रो एडिशन' काढली नाही कारण तो कधी बंदच झाला नाही.

संत्राबर्फी: ताई तेही आता शोकेसमध्ये चाललंय, आमच्या सोसायटीत एकानं इतका मोठा नंदी आणला की पोराला ओढवतच नाही, बापच बक्षीस घेऊन आला.

इतवारीवाला: बैलावर आपलं काही म्हणणं नाही, तो आपला आहे. माझं भांडण त्या झाकणाशी.

धरमपेठी: झाकण झाकण काय लावलं बे, घरी ये, खेळ, मग बोल.

इतवारीवाला: येतो रविवारी. आन ऐका, माळ्यावर बदकं मारायच्या गेमची बंदूक सापडली, ती एलईडीवर काही चालत नाही, तिला जुना पाठीमागे फुगलेला टीव्हीच लागते. कोणाकडे पडून आहे का?