दमट हवेत घरच्या इंकजेटवर छायाचित्रे छापायला कोणता फोटो पेपर घ्यावा?

नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहतो. घरी सहा रंगांच्या डाय शाईचा (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाईचा), बाटलीने शाई भरायचा इंकजेट प्रिंटर आहे. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) त्यावर दोन प्रकारची छायाचित्रे छापायची आहेत. घरच्या माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या सजावटीची) रंगीत छायाचित्रे ए-फोर आकारात फ्रेम करून नातेवाइकांना द्यायची आहेत, तर आजोबांच्या काळातल्या कृष्णधवल छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती अल्बममध्ये ठेवायच्या आहेत. प्रिंटरबद्दल माझी तक्रार नाही, घोडे अडले आहे ते कागदापाशी.

पणजी-मडगावच्या दुकानांत चौकशी केली की कागद किती जीएसएमचा आणि ग्लॉसी की मॅट, एवढेच सांगितले जाते, आणि 180 पेक्षा 230 चांगला व 270 त्याहून चांगला असा सल्ला मिळतो. परंतु जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. शाई त्यावर किती वेळात वाळेल आणि रंग किती टिकतील, याचा त्या आकड्यावरून काहीच बोध होत नाही. वाचनातून मला एवढे समजले आहे की स्वस्त ग्लॉसी कागद बहुधा ‘कास्ट कोटेड’ असतो, म्हणजे कागदावरच थेट चकचकीत लेप असतो आणि मागची बाजू साध्या कागदासारखी लागते. ‘आरसी’ कागदाच्या मात्र दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ थर असतो व त्यावर शाई धरणारा लेप असतो. कोणत्या पाकिटात यांपैकी काय आहे, हे वरच्या छपाईवरून दर वेळी कळतेच असे नाही.

सध्या मी 180 जीएसएमचा ग्लॉसी कागद वापरतो. उन्हाळ्यात तो ठीक चालतो, पण पाऊस सुरू झाला की उघड्या पाकिटातला कागद कडेने वळतो, प्रिंटरचे हेड त्या कडांना घासून काळे डाग पडतात आणि गडद भाग दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकट लागतो. माटोळीच्या छायाचित्रात तर सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंगे आणि वर काळपट लाकडी छत असा सगळा गडद मामला असतो, त्यामुळे शाई भरपूर पडते. अशा हवेत आरसी कागदावर जास्त खर्च करणे योग्य ठरेल का? कृष्णधवलासाठी मॅट घ्यावा का? पावसाळ्यात कागद साठवावा कसा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

तुमच्या माटोळीसाठी आरसीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, पण पाकिटावर ‘मायक्रोपोरस’ किंवा ‘लगेच वाळणारा’ असा उल्लेख आहे का ते पाहा. या कागदाच्या लेपात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. शाई त्यांत लगेच शोषली जाते आणि खालच्या पॉलिथिनमुळे ती मूळ कागदापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कागद लाटेसारखा होत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. छिद्रांत बसलेल्या डाय शाईला हवा लागत राहते आणि हवेतल्या ओझोनमुळे रंग फिके पडतात, त्यामुळे भिंतीवरचे छायाचित्र काचेआडच हवे. फुगणाऱ्या लेपाचे जुन्या पद्धतीचे कागद रंग अधिक झाकून ठेवतात, परंतु ते सावकाश वाळतात आणि ओलाव्याने चिकट होतात, तेव्हा आपल्याकडे त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

फ्रेम करण्याची घाई करू नका. वरून कोरड्या वाटणाऱ्या प्रिंटमधूनही शाईतले ग्लायकॉल (सावकाश उडणारा द्रव) हळूहळू बाहेर पडत असते आणि काचेच्या आतून धुरकट थर धरते. किमान 24 तास, पावसाळ्यात त्याहून अधिक, प्रिंट सुटी ठेवावी. प्रिंट आणि काच यांच्यामध्ये माउंट (मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) घालून थोडी फट राखली नाही, तर ओलाव्याने छायाचित्र काचेला कायमचे चिकटते.

तुमच्या चिकटपणाचे कारण केवळ हवा नसावी. प्रिंटर किती शाई सोडणार, हे संगणकावरच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) निवडलेल्या कागदाच्या प्रकारावरून ठरते. तिथे भारी ग्लॉसी निवडून प्रत्यक्षात कास्ट कोटेड कागद घातला, तर त्याला तेवढी शाई पेलत नाही. कागद बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उतरवणारी फाइल) दिले असेल, तर तेच वापरावे आणि त्यासोबत सांगितलेला कागदाचा प्रकार निवडावा.

कृष्णधवलाचा प्रश्न जरा नाजूक आहे. तुमच्या सहा रंगांत राखाडी शाई नसेल, तर करडी छटा रंगीत शाया मिसळून तयार होते आणि दिवसाच्या उजेडात तटस्थ दिसणारे छायाचित्र एलईडीखाली हिरवट किंवा जांभळट दिसू शकते. यावर मॅट हा उपाय नव्हे. मॅटवर काळा रंग उलट थोडा उथळच उतरतो. तरी अल्बमसाठी मी मॅटच घेईन, कारण त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत आणि जुन्या छायाचित्रांना तो शोभतो. आधी एक लहान पट्टी छापून दोन्ही उजेडांत पाहावी. गोंद लावलेल्या पानांचा अल्बम टाळावा.

साठवणीचे म्हणाल, तर कागद मूळ पाकिटासह झिपच्या पिशवीत, सिलिका जेल घालून, आडवा ठेवावा. लागतील तेवढेच कागद काढावेत आणि उरलेले ट्रेमध्ये राहू देऊ नयेत. घरी वातानुकूलित खोली असेल, तर छपाई व वाळवणे दोन्ही तिथेच करावे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार आजच तपासतो. एक शंका राहते: माउंट आणि काच लावल्यावर ग्लॉसी आणि लस्टर (मंद चमकेचा, किंचित खरखरीत कागद) यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक उरतो का? उरत नसेल, तर मी सहज मिळणारा ग्लॉसी आरसीच घेईन. तसेच लस्टरचे ए-फोर आकाराचे लहान पाकीट म्हापसा किंवा पणजीत कुणाला मिळाले असल्यास कृपया कळवावे.