नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं स्मारक नाणं खरं की खोटं? तातडीने मदत हवी आहे

कोकणी_वाघ: विकणारा संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. नाण्यावर सालाखाली काहीच खूण नाही. टांकसाळीची खूण असावीच लागते ना? मग बनावट का? फोटो चढत नाहीये.

बंदा_रुपया: खूण नाही म्हणजे बनावट असं नाही. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच. प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) की साधं? पेटी आहे? वजन किती? मागतोय किती?

सौ_सुगरण: माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं आहे. लाखात जातं म्हणे?

बंदा_रुपया: ताई, 'जुनं नाणं लाखात घेतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर एक पैसाही भरू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच सावध केलंय.

हिशेबनीस: विकत्याच्या नादी लागताच कशाला? बँकेत जा, ७५ ला मिळेल.

बंदा_रुपया: काका, ही नाणी बँकेत मिळत नाहीत. टांकसाळ स्वतः विकते, तेही दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच जास्त दराने. ठरावीक मुदतीत नोंदणी, पैसे आधी, नाणं काही महिन्यांनी पोस्टाने.

हिशेबनीस: मग तिथूनच घ्या म्हणतो मी. सरकारी ते सरकारी.

अण्णा_पुणे: २०२३ च्या नाण्याची नोंदणी आज कोण घेणार? धागाकर्ते, चुंबक लावा.

बंदा_रुपया: चुंबकाने फक्त लोखंडी नक्कल पकडली जाते. खऱ्यात ५० टक्के चांदी, ४० तांबं, निकेल आणि जस्त ५-५. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते. सोनाराचा काटा गाठा. प्रूफ असेल तर पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं, कारण डायचा (ठशाच्या साच्याचा) सपाट भाग नि कोरी चकती चकचकीत करतात, साच्यातलं चित्र खरखरीत ठेवतात आणि ठसा एकाहून जास्त वेळा मारतात. नकलेत ही दुधी झाक सहसा जमत नाही.

अण्णा_पुणे: हल्ली तीही जमते. मी बाजारात वर्षानुवर्षं बसतोय.

नाणेवेडा: खरी मजा १९६४ च्या नेहरूंच्या रुपयात. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं, आणि चलनातलं! आता काय, पेटीत ठेवायचे दागिने.

अण्णा_पुणे: १९९९ चं महाराजांचं २ रुपयांचंही चलनातलंच. अवांतर थांबवा.

कोकणी_वाघ: पेटी नाही, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. फुटपट्टीने चार सेंटीमीटरच भरतंय. काटा जवळ नाही.

बंदा_रुपया: चार मिलिमीटर कमी? सोडून द्या.

अण्णा_पुणे: आधी फुटपट्टी शून्यापासून लावलीय का ते बघा.

सौ_सुगरण: चांदीचं काळं पडलं तर टूथपेस्ट चालते का?