मदत हवी आहे: आधी दशांश की आधी कर्जाचा हप्ता?

प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना, घरखर्चाचं बजेट बसवतेय पण एका ठिकाणी गाडं अडलंय. पगार झाला की आम्ही दशांश (म्हणजे देवासाठी कमाईचा दहावा भाग) आधी बाजूला काढतो, बायबलमधल्या मलाखी ३:१० प्रमाणे, पण आता हप्ते चालू आहेत आणि नीतिसूत्रे २२:७ म्हणतं की कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो, मग आधी कर्ज फेडावं का? आमचे हे म्हणतात बजेट कशाला, देव पुरवतो. अहो पण लूक १४:२८ मध्ये येशूच सांगतो ना, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा (विषय शिष्यत्वाचा आहे, माहितेय, तरी). आणि दशांश पूर्ण पगारावर की हातात येतो त्यावर? कुरकुरत द्यायचं नाहीये मला. तुम्ही वहीत आधी काय लिहिता, दान, हप्ता की अडीअडचणीची शिल्लक?