अनुभव धागा: ऑनलाइन माध्यमांची बीट सांभाळणारे इंदूरकर

पुतणी देवी अहिल्या विद्यापीठातून पत्रकारिता शिकून बाहेर पडतेय आणि तिला ऑनलाइन माध्यमांचीच बीट, म्हणजे बातमीदारीचा नेमून दिलेला विषय, हवी आहे. नेटवर बातम्या टाकणं नव्हे, नेटवरच्या जगाचीच बातमी करणं: अ‍ॅपवाले, यूट्यूबवाले, अफवा, कायदे. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "दिवसभर मोबाइल बघायचे पैसे मिळतात होय?" या कामात असलेल्यांनी, सोडून गेलेल्यांनीही, जे आहे ते लिहा. पगाराबद्दलसुद्धा. उपदेश नको, तो घरी भरपूर आहे.

रामबागचा जुना रहिवासी
1999 मध्ये इंदूरहून वेबदुनिया सुरू झालं, तेव्हा शहर नईदुनिया या छापील पेपरवर वाढलेलं. नेटवर लिहितो म्हटलं की शेजारचे काका धीर देत, "घेतील हो पेपरात, थोडी वाट बघ." त्या काळी वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पानभर चौकोन दिसायचे. माझी निम्मी पत्रकारिता फॉन्ट कसा बसवायचा हे फोनवर समजावण्यात गेली. बीट वगैरे शब्द नंतर आले.

सुदामानगरची
1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने धुळं गाठता येतं आणि आमच्या कचेरीत मराठी येणारी मी एकटी, म्हणून मला पाठवलं.

घटनेची बातमी सगळ्यांनी केलीच होती. मला अफवेचा माग काढायचा होता. आसपासच्या गावांत विचारत गेले: मेसेज कोणाकडून आला, तुम्ही पुढे कोणाला धाडला? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळे, दुसऱ्याला नाही.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवत असेल: मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओतून नेमका तो शेवट कापलेला. हे शोधायचं म्हणजे व्हिडिओ थांबवून फ्रेम काढा, ती रिव्हर्स सर्चला टाका (तेच चित्र नेटवर आधी कुठे आलं ते शोधणं), मागे जात जुन्यात जुनी तारीख गाठा. भयंकर कंटाळवाणं काम आहे, आणि बीट म्हणजे बहुतेक हेच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. बातमीदाराला एवढ्या लवकर परिणाम दिसणं दुर्मीळच.

छप्पनवाला
माझे सोर्स म्हणजे राजवाड्यासमोर आणि छप्पन दुकानवर व्हिडिओ करणारी पोरं. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी आली. देशाच्या सुरक्षेवर सगळ्यांनी लिहिलं. ज्यांच्या घरात त्या व्हिडिओंतून चार पैसे येऊ लागले होते, त्यांच्यावर लिहायला मला संपादकाशी भांडावं लागलं. "नाचणाऱ्या पोरांची कसली बातमी?" अरे भिया, रोजगार गेलाय त्यांचा!

नाव नको
एका पोर्टलवर होतो. भिंतीवर मोठा स्क्रीन, कोणत्या बातमीवर आत्ता किती लोक आहेत ते त्यावर. फसव्या मथळ्यांवर मालिका लिहिली, तर डेस्कने तिलाच मथळा दिला, "वाचून पायाखालची जमीन सरकेल". वर मालिका चालली! सर्च आणि सोशल मीडियावरून येणाऱ्या वाचकावर पोर्टलचं पोट, आणि आपण लिहायचं त्यांच्याच कारभारावर. हा पेच ज्याला रोज झेपेल त्यानेच यावं. पगार विचारलात म्हणून: महिन्याच्या पगारावर असलात तर भागतं, बातमीमागे पैसे घेणाऱ्याचं भागत नाही. मी भाषांतरं करून ईएमआय भरायचो.

कायद्याची बाजू
पुतणीला नियम मुळातून वाचायला लावा. फेब्रुवारी 2021 च्या आयटी नियमांनी डिजिटल बातमीवाल्यांनाही तक्रार अधिकारी नेमून 15 दिवसांत तक्रार निकाली काढायला लावलं. 2023 मध्ये केंद्र सरकारशी संबंधित मजकुरासाठी सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर 2024 मध्ये रद्द ठरवली. इथल्या संपादकांना हे सगळं दिल्ली-मुंबईचं वाटतं. नोटीस इथल्या विजयनगरच्या ऑफिसवरच येते.

धागाकर्ती
सुदामानगरच्या ताई, पुतणी विचारतेय, लोकांनी फोन दाखवले कसे?

सुदामानगरची
आधी मी माझा दाखवला. मलाही तसले मेसेज आलेलेच होते, कुटुंबाच्या ग्रुपवर. मग एकेकाने खिशातून काढला. नाव-नंबर झाकूनच फोटो घेईन हे आधी सांगायचं आणि घेतलेला फोटो तिथेच त्यांना दाखवायचा. तिला म्हणावं, चार्जिंगची पॉवर बँक आणि कागदाची वही, दोन्ही ने.