बोअरचं पाणी आणि लांब केसांची रोजची निगा

प्रश्न: सोलापुरात बोअरचं पाणी जड. केस कंबरेपर्यंत वाढवायचेत, पण टोकं तुटतात. रोज काय करावं?

उत्तर १: रोज धुऊ नका, आठवड्यातून दोनदा पुरे. तासभर आधी चमचाभर खोबरेल टोकांना लावा, शाम्पू फक्त मुळांशी. शेवटी दोन तांबे आरओ फिल्टरचं पाणी ओता, म्हणजे क्षार कमी राहतात.

उत्तर २: ताई, खसाखसा पुसणं आधी बंद करा! आपल्या टर्किश टॉवेलच्या फाशांत ओला केस अडकतो, ताणतो, तुटतो. जुनं सुती धोतर दहा मिनिटं गुंडाळा. अर्धवट सुकल्यावर रुंद दातांचा कंगवा, टोकांपासून वर.

उत्तर ३: वेणी सैलच. रोज घट्ट ओढली की कपाळाजवळ केस विरळ होतात. उन्हात ओढणी हवीच. फाटा फुटलेलं टोक लगेच कापा, नाहीतर केस वरपर्यंत चिरत जातो.