मदत हवी आहे : आईच्या फोनवर युपीआय सर्कल की युपीआय लाइट?

आई सोलापुरात पूर्व भागात राहते, मी पुण्यात. घरी बोलणं तेलुगूत, पण वाचता तिला फक्त मराठी येतं. भाजीवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आलेत आणि सुट्ट्या पैशांची बोंब. तिला आता स्वतः स्कॅन करून पैसे द्यायचेत आणि मलाही ते मनापासून वाटतं.

भीती एकच, फसवणुकीच्या फोनची. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, पण समोरचा पोलीस असल्याचं सांगून दरडावायला लागला की ती घाबरते. म्हणून तिचं बचतीचं खातं त्या फोनला जोडायचंच नाही, हे पक्कं.

युपीआय लाइट लावून पाहिलं. पिन लागत नाही, ते तिला आवडलं. पण त्यासाठी खातं जोडावंच लागतं, म्हणून काढून टाकलं. आता युपीआय सर्कलचा विचार आहे, म्हणजे ती तिच्या फोनवरून स्कॅन करेल आणि पैसे माझ्या खात्यातून जातील. त्यातला प्रत्येक व्यवहाराला माझी मंजुरी लागणारा प्रकार नको. कामावर फोन आत नेता येत नाही, ती बिचारी दुकानात ताटकळेल. दरवेळी मंजुरी न लागणाऱ्या, पूर्ण अधिकाराच्या प्रकारात महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही कमाल मर्यादा आहे. मला महिन्याला ३,००० पुरे.

फोन साधा अँड्रॉइड, सिम तिच्याच नावावर. नवीन खातं सुचवू नका, बँकेत हेलपाटे घालणं तिला झेपत नाही.

पूर्ण अधिकाराचं सर्कल आईवडिलांसाठी कोणी वापरतंय का? कोणत्या ॲपमध्ये, आणि त्यात तिच्यासाठी मराठी स्क्रीन मिळते का?