एल्फिन्स्टन मोठा झाला तो काकाच्या वशिल्यावर?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता): माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (पेशवाईच्या शेवटी पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर) म्हटलं की आपल्याकडे लगेच साधा, पुस्तकवेडा, शिक्षणाचा कळवळा असलेला वगैरे सुरू होतं. पण हा स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातला, अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला, इतकं जुनं घराणं! किताब थोरल्याला, धाकट्यांनी आपापलं बघायचं. काका ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, त्याने चिकटवला. सोळाव्या वर्षी, १७९६ मध्ये, स्वारी कलकत्त्यात हजर. दुसरा काका आरमारात अॅडमिरल. एवढी शिडी लावून दिल्यावर कोण चढणार नाही?

निवांत वाचक: त्याच संचालक काकाचा सख्खा मुलगाही चढला की! जनरल विल्यम एल्फिन्स्टन. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून इंग्रजांची फौज आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १६ हजार माणसं घेऊन बर्फातून माघारी निघाला. बहुतेक सगळी वाटेतच संपली, हा स्वतः कैदेत मेला. वशिला तोच, रक्तही तेच. माउंटस्टुअर्ट मात्र १८०९ मध्ये पेशावरला अफगाणिस्तानच्या शाह शुजाला भेटून आलेला. त्याने आधीच कळवलं होतं की काबूल घ्याल, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात शुजाला टिकवणं जमायचं नाही.

बोरूबहाद्दर: अहो, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. साठीला टेकलेला, वातरोगाने जर्जर जनरल काबूलला पाठवला तो काय तब्येत बघून?

संगमावरचा: जनरलचं सोडा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी पुण्यातली संगमावरची रेसिडेन्सी (रेसिडेंटचं निवासस्थान) जळली, त्यात माउंटस्टुअर्टची पुस्तकं, कागद सगळं गेलं. पुढे एकदा त्याच्या तंबूत कोपऱ्यात मराठी छापील पुस्तकांचा ढीग बघून ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने विचारलं, हे कशाला? म्हणाला, लोकांना शिकवायला, पण हाच आपला युरोपला परत जायचा हमरस्ता, म्हणजे शिकलेले लोक एक दिवस आपल्याला घरी पाठवतील. असं कुठला काका शिकवतो?

दक्षिणा: पुण्यात १८२१ ला विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली ती पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून. हेही लिहा.

संगमावरचा: लिहिलं. पैसा जुनाच, पण तो शाळेकडे वळवायचं त्याला सुचलं ना? १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांवर वर्गणी जमवली. एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ ते.

लोकलवाला: आणि मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशनही त्याच्याच नावाचं होतं ना?

बोरूबहाद्दर: नाही हो, सगळे इथेच फसतात. ते पुतण्याच्या नावाचं. जॉन, तेरावा लॉर्ड. तिशीत मद्रासचा गव्हर्नर, पुढे १८५३ ते १८६० मुंबईचा. तिशीत! आता बोला.

निवांत वाचक: पुतण्या तुम्हाला दिला. त्याचा काका माउंटस्टुअर्ट मात्र नाही. गव्हर्नर-जनरलपद त्याने दोनदा नाकारलं आणि सरेमधल्या घरी पुस्तकांत रमला.

लोकलवाला: मी तर अजून प्रभादेवीला एल्फिन्स्टनच म्हणतो. कुठला ते आज कळलं.